कोयता एक, माणसं दोन

सांगलीतल्या एका कॉलेजच्या नाटकवेड्या मुलांचा प्रश्न आलाय. त्यांनी ऊसतोडीच्या बाईवर एकांकिका केली. शेवटी ती बाई कोयता उगारून तीन पानांचं भाषण करते. मुकादम, कारखाना, सरकार, कुणालाच सोडत नाही. टाळ्या पडल्या. परीक्षकांचा शेरा मात्र आला, ‘पात्र दिसलं नाही, घोषणा ऐकू आल्या.’ मुलं विचारतात, आख्ख्या वर्गावरचा अन्याय जिच्या अंगावर आहे तिनं बोलायचंच नाही, तर तो प्रेक्षकाला कळायचा कसा?

संहिता मी दोनदा वाचली. तुमची तळमळ खरी आहे आणि विषय तुमच्या उंबऱ्यातला आहे. दिवाळी झाली की रस्त्याकडेच्या माळावर ऊसतोड टोळ्यांच्या कोपी, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात, त्या तुम्ही लहानपणापासून बघताय. पण आख्ख्या एकांकिकेत पैशाचा एक आकडा नाही. बाईच्या घरानं किती उचल घेतली, ती कुणाच्या वहीत लिहिलीय, आजपर्यंत किती फिटली, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नाही, म्हणून नटीलाही ठाऊक नाही. जिचा हिशेबच आपल्याला माहीत नाही, तिची लूट झाली हे आपण सांगणार कशाच्या जोरावर? मग आवाज चढवावा लागतो.

तीस वर्षं मी इथं नाटकं बसवतेय आणि दर वेळी हेच अनुभवलंय की रंगमंचावर अन्याय दिसतो तो व्यवहारातून. कुणी कुणाला काय दिलं, बदल्यात काय घेतलं, मोजलं कुणी, लिहिलं कुणी, आणि त्या वेळी बसलेलं कोण होतं, उभं कोण होतं.

तुमच्याच गोष्टीतला व्यवहार उलगडून बघा. हंगामाआधी मुकादम गावोगाव फिरून टोळी बांधतो आणि प्रत्येक जोडीला आगाऊ रक्कम देतो, ती उचल. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. एकटा गडी आला तर अर्धा कोयता. उचल कोयत्यावर, हिशेब कोयत्यावर, वहीत नाव नवऱ्याचं. दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याचा दंड वेगळा. आता समजुतीसाठी काही आकडे धरू. खरे तुम्ही उसाच्या फडावर जाऊन विचारा. समजा उचल १ लाख, दोघांची मिळून दिवसाची कमाई ७०० रुपये आणि हंगाम १४५ दिवसांचा. एकही दिवस न चुकता तोड केली तर १,०१,५०० रुपये होतात. म्हणजे पाच महिने उघड्यावर काढून गावी जाताना हातात १,५०० रुपये. आता बाई दहा दिवस आजारी पडली. तिच्यावाचून कोयता अर्धा, म्हणून दोघांचाही खाडा. कमाई ९४,५०० वर आली. दिवसाला ७०० प्रमाणे दंडाचे ७,००० कापले, राहिले ८७,५००. उचलीतले १२,५०० अंगावर बसले. ते फेडायला पुढच्या वर्षी परत त्याच मुकादमाच्या दारात, आणि पावसाळ्यात घर चालवायचं म्हणून नवी उचल त्याच्यावर.

हे गणित सगळ्या टीमनं एकदा कागदावर मांडा, नुसतं लेखकानं नको. बाई अंगात ताप असताना फडात का जाते, हे मग कुणाला तोंडानं सांगावं लागत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. तुम्ही तो शेवटच्या पाच मिनिटांत धक्का म्हणून आणलाय. माझी कळकळीची विनंती आहे, तसं करू नका. पाळीचे दिवस, पोटातलं दुखणं, दवाखान्याची एक खेप, प्रत्येकाला खाड्याचा भाव लागलेला असतो. तो भाव प्रेक्षकाला पहिल्या दहा मिनिटांत कळला, की डॉक्टर ‘पिशवी काढून टाका’ म्हणतो तेव्हा बाई मान का हलवते हे त्याला आपोआप कळेल. नाहीतर बाईच्या शरीराचं आपण शेवटच्या टाळीसाठी सामान करतो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका भूमिकेसाठी मी एका नटीला पहाटे फडावर घेऊन गेले होते. बाईनं साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट घातला होता, कारण उसाचं पान कापतं आणि त्यावरची बारीक कूस अंगात शिरते. आमच्या मुलीनं तालमीत फाटकी साडी नेसून काम केलं होतं. तो शर्ट बघितल्यावर तिनं ती फाटकी साडी पुन्हा हातात धरली नाही. बाई वाकून अगदी जमिनीलगत एका घावात ऊस पाडत होती. साखर बुडख्यात जास्त, तो जमिनीवर उभा राहिला तर बोलणी खावी लागतात. मग वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, पीळ घालून मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून चढून गाडीत टाकायची. मुलीनं मोळी बांधून बघितली. दहा मिनिटांत तिचे तळवे सोलले.

पण मला जे मिळालं ते नंतर. नऊच्या सुमाराला मुकादम वही घेऊन आला. नवरा पुढं झाला, बाई त्याच्या मागं दोन पावलं उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं. ती वहीकडं बघतच नव्हती. ती बघत होती मुकादमाच्या पेनाकडं. पेन किती वेळ हललं, कुठं थांबलं, त्यावरून ती काहीतरी ताडत होती. त्या चेहऱ्यावर ना राग होता ना रडू. विलक्षण एकाग्रता होती, परीक्षेला बसलेल्या मुलासारखी.

तेवढं आम्ही उचललं. प्रयोगात मुकादम म्हणायचा, ‘कोयता एक,’ आणि लिहायचा. समोर माणसं दोन उभी. त्यानं लिहीपर्यंत कुणी हलायचं नाही, बाईचे डोळे फक्त पेनाबरोबर फिरायचे. तालमीत मुलं म्हणत होती, बाई, हा पॉज फार लांबतोय. मी तो आणखी लांबवला. भावे नाट्यमंदिराच्या शहरात आमच्या प्रेक्षकाला कुठं टाळी द्यायची ते चांगलं कळतं. त्या जागी टाळी कधीच आली नाही. नुसती शांतता यायची, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी खाकरायचं.

तुमच्यातल्या इंग्रजी साहित्याच्या मुलांनी जे. बी. प्रीस्टली यांचं ‘ॲन इन्स्पेक्टर कॉल्स’ वाचलं असेल. लिहिलं गेलं १९४५ च्या सुमाराला, घडतं १९१२ मध्ये. त्यातली कामगार मुलगी ईव्हा स्मिथ रंगमंचावर एकदाही येत नाही. ती आधीच मेलेली आहे. तरी नाटक संपताना सगळ्यांत जास्त तीच आठवते. याचं कारण तिचा हिशेब आपल्याला पैशापर्यंत माहीत असतो. आठवड्याला सरासरी साडेबावीस शिलिंग मिळत होते, तिनं आणि तिच्या सोबतिणींनी पंचवीस मागितले. अडीच शिलिंगांचा प्रश्न होता. मालक नाही म्हणाला, संप फसला, पुढं होणारी म्हणून तिला काढलं. पुढं एका दुकानात काम मिळालं, तर त्याच मालकाच्या मुलीनं रागाच्या भरात तक्रार केली आणि तेही गेलं. शेवटी मदत मागायला ज्या धर्मादाय समितीपुढं गेली, तिथं मालकाची बायको बसलेली. त्या घरातलं कुणीही स्वतःला दुष्ट समजत नाही. प्रत्येकानं आपल्या हातातली एवढीशी सत्ता वापरली, इतकंच. वर्गविषमता नाटकात कशी भिनवायची याचा यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही.

पण त्यासाठी इंग्लंडला जायचीही गरज नाही. साताऱ्याच्या खटाव तालुक्यातलं कटगुण हे जोतीराव फुल्यांचं मूळ गाव. त्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिलं. शेतकऱ्याच्या गरोदर बायकोला जोशी ग्रहांची भीती घालतो आणि शांतीचा, ब्राह्मणभोजनाचा खर्च त्या घराच्या गळ्यात मारतो. बारकाईनं वाचा. जोशी शिवी देत नाही, मारत नाही, गोड बोलतो. खर्च वाढत जातो आणि घर रिकामं होत जातं. विदूषक मधेमधे बोलतो तेही त्या देण्याघेण्यावर बोट ठेवून. आपल्याकडं शोषणाचं नाटक सुरू झालं तेच मुळी अशा एका हिशेबातून.

आणि हरिपूर तर आपल्या सायकलच्या टप्प्यात. तिथल्या गोविंद बल्लाळ देवलांचं ‘शारदा’ (१८९९) आपण गाण्यांसाठी डोक्यावर घेतो. त्याच्या पोटात काय आहे? पैशाच्या लोभानं पोटची पोर म्हाताऱ्याला द्यायला निघालेला बाप आणि तो सौदा जुळवणारा मध्यस्थ. शारदा कामगार नाही, घरही कष्टकऱ्याचं नाही. तरी बघा, ठरवणारे दोघंतिघं आणि जिचा सौदा आहे तिला विचारणारं कुणी नाही. तुमच्या गोष्टीतल्या ‘कोयता एक’च्या हिशेबातही हेच आहे.

अण्णा भाऊ साठ्यांचं नाव तुमच्या भाषणात तीनदा येतं. त्यांच्याकडून घ्यायचं ते मात्र राहून गेलंय. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा हा माणूस, जन्म १९२० चा. मुंबईत पडेल ती कामं केली, अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. तमाशाचा साचा घेतला आणि त्यातला गण बदलला. गणपतीच्या जागी मायभूमीला, शिवरायांना वंदन आलं. त्यांच्या एका लोकनाट्याचं नावच ‘अकलेची गोष्ट’. अक्कल या शब्दावर थांबा जरा. कष्टकऱ्याला अक्कल असते, कसब असतं, तो समोरच्याला ओळखून असतो. तुमची बाई मात्र पहिल्या प्रवेशापासून रडते. प्रेक्षकाला तिची कीव येते, आणि कीव आली की प्रेक्षक तिच्यापेक्षा उंच जाऊन बसतो. ज्या उतरंडीविरुद्ध तुम्ही नाटक करताय ती सभागृहातच तयार होते. तिला काहीतरी फार चांगलं करता येऊ दे. टोळीत तिच्यासारखी मोळी कुणी बांधत नाही, एवढं जरी दाखवलं तरी चित्र पालटतं. इतकं येत असून हातात १,५०० रुपये, हे मग प्रेक्षकाच्या जिव्हारी लागतं.

तिला हसूही द्या. कवलापूरच्या काळू-बाळूंचा तमाशा तुमच्या आजी-आजोबांनी रात्रभर बसून बघितलाय. ‘जहरी प्याला’ वगात ती जुळी भावंडं हवालदार होऊन यायची आणि कनात हसून फुटायची. हवालदार म्हणजे सत्तेच्या शिडीची सगळ्यांत खालची पायरी. वरच्याचा हुकूमही त्याच्याच डोक्यावर आणि खालच्यांचे शिव्याशापही त्यालाच. सोंगाड्या राजाचं म्हणणं शब्दशः घेतो आणि राजाचं हसं होतं, ही आपल्या बतावणीची जुनी युक्ती आहे. तुमच्या कोपीतल्या रात्रीच्या प्रवेशात बाया मुकादमाची नक्कल करतायत असं दाखवा. वही, पेन, खाकरणं, सगळं. दिवसा पेनाकडं बघणारी बाई रात्री चुलीतलं जळकं लाकूड पेनासारखं धरून ‘कोयता एक’ म्हणते. हसता हसता प्रेक्षकाला कळतं की हिला सगळं समजतं.

मुकादमाबद्दल. मिशीला पीळ, तोंडात शिवी, हातात काठी, हा तुमचा मुकादम मी शंभर एकांकिकांत बघितलाय. खरा मुकादम बहुतेक वेळा त्याच भागातला, नात्यागोत्यातलाही असतो. टोळीला वाटायचा पैसा त्यानं कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून करार करून उचललेला असतो. टोळी अर्ध्या हंगामात पळाली तर ती रक्कम त्याच्या बोडक्यावर. त्याचीही रात्रीची झोप उडालेली असते. तो तिला खाडा लावतो, आणि त्याच संध्याकाळी तिच्या पोराला बिस्किटपुडा आणून देतो. दोन्ही मनापासून. असा माणूस उभा केलात की प्रेक्षकाला त्याला शिव्या घालून मोकळं होता येत नाही. त्याच्याही वरच्याकडं बघावं लागतं. तो वरचा दाखवू नका. जयंत पवारांच्या ‘अधांतर’मध्ये गिरणी दिसत नाही, दिसते चाळीतली एक खोली. १९८२ च्या संपानं काय केलं ते त्या घरातल्या पोरांच्या जगण्यावरून कळतं. सातारा-सांगलीतल्या किती घरांत गिरणीतून येणारी मनिऑर्डर थांबली होती, हे तुमच्या आजोबांना विचारा.

नवराही तुम्ही सोवळा ठेवलाय. कोयता दोघांचा, पैसा एकाच्या खिशात, मग त्या कोपीच्या आतसुद्धा एक वरचा आणि एक खालचा आहेच. विजय तेंडुलकरांचा ‘सखाराम बाइंडर’ (१९७२) छापखान्यात बायंडिंग करणारा कामगार. बाहेर त्याची किंमत शून्य, घरात मात्र आणलेल्या बायकांवर त्याचेच कायदे. पिळला गेलेला माणूस पिळणारा असू शकतो, हे लिहायला धीर लागतो. कष्टकऱ्यांवर प्रेम असलं की तो येतो.

भाषेचं थोडक्यात सांगते. तुमची बाई बीडकडून आलीय आणि बोलते वाळव्याची. ‘काय करालाईस’ हे आपल्याकडचं. त्यांचा हेल वेगळा, क्रियापदं वेगळी. सरसकट ‘ग्रामीण’ बोली लावली की प्रेक्षक तिला गावठी म्हणून एका खणात टाकतो. फडमालक वाळव्याचा आणि ती मराठवाड्याची, हा फरक कानाला ऐकू आला तर ती इथं परकी आहे, हे एका वाक्यात कळेल. त्या भागातल्या एखाद्या मुलीला तालमीला बसवा आणि तिच्याकडून वाक्यं दुरुस्त करून घ्या.

आता भाषण. ते पुरतं काढा म्हणणार नाही, त्यातली एक ओळ फार चांगली आहे. पण त्याच्याआधी मला एक वस्तू नाटकभर फिरवून हवीय. मोळी. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होतो तेव्हा गव्हाणीत, म्हणजे कारखान्यात ऊस टाकायच्या जागी, मोळी टाकायचा कार्यक्रम होतो. मांडव, फेटे, हार, फोटो. तुमच्या नाटकाची सुरुवात तिथून करा. पांढऱ्या कपड्यांतली चार माणसं एका मोळीला हात लावून उभी आहेत, फोटोसाठी थांबलीत. मोळीला झेंडूचा हार. फोटो झाला, अंधार. प्रकाश येतो तेव्हा तीच मोळी, तशाच वाढ्यांच्या पिळानं बांधलेली, बाईच्या डोक्यावर. मग नाटकभर ती बांधत राहू दे. बोलताना, भांडताना, पोराला हाका मारताना हात थांबायचे नाहीत. तिचे हात पहिल्यांदा थांबतील ते मुकादमानं शेवटचा हिशेब वाचून १२,५०० अंगावर आहेत असं सांगितल्यावर. तिथं तुमच्या त्या तीन पानांतली एकच ओळ ठेवा: ‘माझा कोयता येगळा लिवा.’ बाकीच्या पानांत हे वाक्य दडपून गेलं होतं. ती दुसरं काही मागत नाही, आपलं नाव वहीत मागते. मुकादम काय करतो? मला वाटतं, तो पेन उघडतो आणि वहीत तशी रेघच आखलेली नाही हे त्याच्या लक्षात येतं. पुढचं तुम्ही तालमीत शोधा.

एक करा. कारखान्यांचा पट्टा पडायच्या, म्हणजे गळीत हंगाम संपायच्या, आत फडावर जाऊन या, मार्च सरता सरता टोळ्या परतीला लागतात. पहाटे जा, कामात आड येऊ नका, मोबाईल खिशात ठेवा. ज्या बाईशी बोलाल तिला एकांकिकेबद्दल खरं सांगा आणि तिचं नाव विचारा, नवऱ्याचं नव्हे. संहितेत तुमच्या नायिकेला अजून नावच नाही, सगळीकडं नुसतं ‘बाई’ लिहिलंय.